काळ्या गाडीवरचं चरं

"भर उन्हात गाडी लावतो. बॉनेटवर एक बी चरा घावला, तर माजी अर्दी मिशी काढा!"

असं बसू म्हणाला न् तितंच मेला. काळ्या गाडीवर चरा न्हाय, असं हुतंच न्हाय. ल्हान पोराला बी ठावं हाय ते.

बसू म्हंजे बसाप्पा. आमच्या अंतू मेस्त्रीच्या कारखान्यात माज्या संगट गाड्यांचं रंग घासणारा गडी. बैलहोंगलाकडचा. मराठी बोलतो ती बी कानडीच्या ठेक्यात. मिशी अशी, की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं. पैजेला मीच डिवचलं हुतं, खोटं कशाला बोलू! "बसू, तुला घासाय येतंय रं, चमकवाय येत न्हाय," एवढंच म्हणालतो.

गड्यानं आठवडाभर एकच बॉनेट धरलं. घासलं, पुसलं, फुंकर घातली, परत पुसलं. मंग एका दुपारी गाडी ढकलत बाहीर काढली. लांबनं बघितलं तर आरसा! बसू त्यात आपली मिशी बघालालाय.

मेस्त्री आलं. वाकलं. एक डोळा मिटला. बॉनेटमदी सूर्य दिसालालता, त्येच्या भोवतीनं बोट फिरवलं. कोळ्यानं जाळं विणावं तसं गोल गोल, केसाहून बारीक चरंच चरं!

"बसाप्पा, कुटली बाजू ठेवायची ती सांग."

गडी शब्दाचा पक्का. काढली. आणि त्याच ऐतवारी त्येला पोरगी बघाय जायाचं हुतं! तोंडाला टॉवेल गुंडाळून गेला. दात दुकतोय म्हणाला. पोरीची आज्जी मायाळू. दाताखाली लवंग ठेवती म्हणून तिनं टॉवेल वडला. बघत बसली.

"बाळा, ही आत्ता येयाला लागलीया, का जायाला?"

पोरगी हसाय लागली ती थांबंचना. हसली म्हणूनच जमलं. आता बसूला कोण इचारलं तर म्हणतो, "माजं लग्न चऱ्यानं केलं."

असलं किस्सं आमच्यात लई साठल्यात. सावलीत बघितलं तर काय न्हाय, रोजचंच घासणं, रोजचंच हात गळणं. जरा उजेडात धरलं की एकात एक गुतलेलं दिसाय लागत्यात. दुपारी भाकरी खाऊन कट्ट्यावर पडलो, की खांदं दुकत असत्यात न् झोप येत नसती. तवा त्येच उगळत बसतो. तेवढाच इसावा.

*

मी गुंडू. कंग्राळीचा. मराठी पाचवीत मास्तरच्या खुर्चीला गूळ फासला म्हणून साळंतनं हाकललं, तवापासनं हितं. बाऽला वाटलं, मोटारीचं काम शिकंल. कसलं मोटारीचं! इंजनाला हात लावायचा न्हाय. फकस्त चरं काढायचं.

बाकीच्या रंगाच्या गाड्या बऱ्या. चरा पडला तरी लपतोय. पर मोठ्या लोकास्नी काळीच पायजे, न् वर बेळगावची तांबडी माती! कोरड्या फडक्यानं एकदा पुसली की संपलं. माती म्हंजे काचकागदच की.

ते काढायचं कसं, ऐका. पयलं पाणी, भरपूर. मंग लई बारीक काचकागद पाण्यात भिजवून हलकं हलकं. मंग मलम लावून रबिंग. मंग मेण. मंग मलमल. चरा काढायचा म्हंजे त्येच्या आजूबाजूचा रंग त्येच्याएवढा खाली आणायचा. म्हंजे एक चरा घालवाय आपण हजार चरं मारतो, दिसू नयेत एवढं बारीक. मला त्यो यवहार अजून पटल्याला न्हाय.

मेस्त्री मागं उभं ऱ्हाऊन वराडत असत्यात. "गुंड्या, सरळ वड! गोल काय फिरवालालास, भाकरी थापतोस व्हय?" जरा जोर लावला की, "रंग कांद्यागत असतोय रं. सोलत बसलास तर शेवटाला पत्रा ऱ्हाईल न् डोळ्याला पाणी!"

घरला गेलो की रात्री घास तोंडापत्तोर जात न्हाय. आई म्हणती, "काय रं, कारखान्यात दगडं फोडालालास काय?"

"न्हाय गं. चकचक करालालोय."

*

निपाणीचं बाबगोंडा आप्पा तंबाखूचं यापारी. त्येंची लांबलचक काळी गाडी. आत तंबाखूचा असा वास, की दार उगडलं की मी न् बसू शिंकतच काम करणार.

गाडीवर तातोबा. त्यो आदी आप्पाच्याच बैलगाडीवर हुता. मोटार आली तवा आप्पानं बैलं इकली न् तातोबालाच डायवर केलं. ऱ्हायाला वखारीमागची खोली. बायकापोरं तितंच.

गाडी आमच्याकडं पयल्यांदा आली ती बेंदराच्या मागोमाग. बघितलं तर फुडच्या दोन्ही दिव्यांस्नी शिंगागत तांबडा हुरमुंज लावल्याला, मडगार्डावर हळदीचं हात, न् बॉनेटवर बारीक चऱ्यांची नुसती रांगोळी.

"ह्ये काय रं, तातोबा?" मेस्त्रीनं इचारलं.

"आव्वानं सांगितलं. बैलं गेली म्हणून काय बेंदूर सोडायचा? आता वडतंय कोण आपल्याला? हीच न्हवं! मंग हिलाच आंघोळ घाला, झूल घाला, पोळी खायाला घाला."

आव्वा म्हंजे आप्पाची आई. गाडीत मागं बसल्याली, हातात पिशवी धरून.

"न् पोळी खाल्ली?"

"खाल्ली की. बॉनेटवर ठिवलती. कावळ्यांनी खाल्ली. चोचीनं टोकरून टोकरून खाल्ली."

आप्पा फुडं बसलेलं, त्येंचं तोंड तंबाखूगत झालं. "आव्वा, बैल असता तर त्यानं आपणच खाल्ली असती. ही मोटार हाय, मोटार!"

आव्वा खाली उतरली, पिशवी काकंत मारली न् म्हणाली, "हिला खायाचं कळंना, त्यात माजा काय दोष?"

मंग टांगा केला न् हितंच बेळगावातल्या शापुरात लेकीकडं गेली. लेक तितं दिलीया. पर आप्पाचं न् त्या जावई-पावण्याचं लग्नातल्या मानपानावरनं वाकडं. कुणाला फेटा आदी बांदला, असलं कायतरी. आप्पा त्या दारात पाय ठेवत न्हाईत, न् पावणा बायकूला माहेरी धाडत न्हाय. गाडी आमच्यात दोन-चार दिस पडली, की तेवढं दिस म्हातारी लेकीकडं.

*

कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाची गाडी. साहेबाच्या कुत्र्यानं मडगार्डावर पाय घासलं. पट्टेवाल्याला वाटलं, आता आपली चामडी जातीया. घरात काळं न् चकचकीत करायचं औषध कुटलं? बुटाचं पॉलिश! गड्यानं अक्खी गाडी बुटाच्या बुरसानं रंगवली. म्हणतोय, रात्री अशी चमकत हुती की साहेबानं शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. साहेब पांढरी पाटलोण घालून खेळाय निघालं, न् गाडीला टेकून सिगारेट वडत उभं ऱ्हायलं.

पट्टेवाला गाडी घेऊन आमच्यात आला तवा गाडी तांबडी झाल्याली. वाटंतली समदी माती पॉलिशला चिकटल्याली. मेस्त्रीनं इचारलं, "साहेब काय म्हणालं रं?"

"काय बी न्हाय. पाठमोरं झालं न् 'बघ' म्हणालं."

"मंग?"

"पाटलोणीवर गाडी उमटलीया, नंबरासकट!"

रॉकेलच्या फडक्यानं त्ये समदं काढता काढता आमचं हात कोपरापत्तोर काळं. बसू तर रडकुंडीला आला. "अय्यो, ह्यो बूट कवा संपायचा रं?"

*

आता माजा एक. ह्यो सांगाय मला बरं वाटत न्हाय, पर कट्ट्यावर बसू सोडत न्हाय.

निपाणीची गाडी परत आली. बेंदूर झाल्याला महिना बी न्हाय. टपावर काय न्हाय, मागं काय न्हाय, बॉनेट न् फुडच्या मडगार्डावर तेवढं चरं. लढाईचं दिस. पेट्रोल कुपनावर. उगंच कोण गाडी काढत न्हवतं. तरी एवढ्या लांब पाठवावी लागली म्हणून आप्पा आदीच तापल्यालं. आव्वा टांग्यानं शापुरला गेल्याली.

मेस्त्री वाकलं, एक डोळा मिटला. "कोरडं फडकं. माती न धुता पुसलंय."

"पुसतोय कोण? तातोबाच न्हवं?" आप्पा म्हणालं.

"आप्पा, आईच्यान, पाणी मारल्याबिगर मी हात लावत न्हाय!"

"मंग कावळा पुसून गेला व्हय? ऐक, तातोबा. परत एकदा असं दिसलं, तर चावी माज्या हातात द्यायची न् खोली रिकामी करायची."

 आमी तीन दिस घासलं. तवर तातोबा आमच्यातच निजला, गाडीच्या चाकापाशी. कोण फुडनं गेलं तरी उठून बघायचा.

काम संपलं. गाडी अशी झाली की माशी घसरावी. आणि माज्या डोस्क्यात किडा वळवळला. म्हशीच्या शेपटीचा एक केस घेतला न् ओल्या मेणावर बॉनेटच्या मधोमध आडवा चिकटवला. लांबनं बघितलं तर हातभर चरा! म्हटलं, मेस्त्री येईल, बोंबलंल, मंग केस उचलून दाखवू. मज्जा.

मेस्त्रीच्या आदी तातोबा आला.

बघितलं न् खालीच बसला. डोस्क्यावर हात. "गेली खोली," म्हणाला. 

मी पळत जाऊन केस काढला. "तातोबा, केस हाय, केस! बघ, म्हशीचा!"

त्येनं केस हातात घेतला, उजेडात धरला, मंग माज्याकडं बघितलं. मारलं न्हाय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मारलं मेस्त्रीनं. एक थोबाडीत, न् वर शिक्षा. कारखान्याच्या मागं एक जुनं काळं दार पडलं हुतं, ते फुडं टाकलं. "ह्येच्यावरचा केस काढ."

"कुटं हाय केस?"

"घावंपत्तोर घास."

*

ठळकवाडीत एक वकील. नवी काळी गाडी घेतलेली, पर उन्हात चरं दिसत्यात म्हणून सारखं कुरकुरणारं. एकदा कामाला धारवाडला रेल्वेनं गेलं. वकिलाच्या बायकूनं, काकूंनी म्हटलं, ह्येंस्नी एकदा खूश करावं.

आता बाईमाणूस. घरात चमकवायच्या गोष्टी म्हंजे तांब्या-पितळंची भांडी. ती कशानं चमकत्यात? काकूंनी मोलकरणीला संगट घेतलं, न् चिंच, राख न् नारळाची शेंडी घेऊन दोघींनी अक्खा दिवस ती गाडी घासली. मोलकरीण म्हणाली बी, "बाई, पांढरी पडालालीया." काकू म्हणाल्या, "वाळल्यावर उजळेल."

वकील संध्याकाळी आलं. फाटकातनं आत शिरलं, गाडीच्या बाजूनं सरळ चालत गेलं, न् पडवीत उभं ऱ्हाऊन वराडलं, "माझी गाडी कुठे आहे? अंगणात हे कुणाचं खटारं उभं केलंय?"

काकूंनी टाळी वाजवली. "ओळखली नाहीत ना! म्हटलंच होतं मी, अगदी वेगळी दिसेल!"

मेस्त्रीनं गाडीवर नुसता हात फिरवला न् डोळं मिटलं. हितं चरं काढायचं काय ऱ्हायलंच न्हवतं. समदा रंगच एक चरा झाल्याला. खालपत्तोर खरडा, परत रंग मारा, परत घासा. बसू न् मी दोन दिस एकमेकांसंगं बोललो न्हाय. बोलायला बी जोर लागतोय.

काकू एक दिवस बघाय आल्या. बिचाऱ्या कानकोंड्या झाल्याल्या. मला हळूच म्हणाल्या, "बाळ, पितळेच्या गाड्या का रे करत नाहीत?"

आमी तिघंबी इचार करालालोय अजून.

*

वकिलाची गाडी दाराबाहीर गेली न् निपाणीची आत आली. तीच काळी, तेच बॉनेट, तेच फुडचं मडगार्ड. तंबाखूचा वास आला न् मला शिंकायच्या आदी रडूच आलं. बसू तितंच भुईवर बसला.

ह्या खेपंला बी आप्पा संगट. शापूरचा रस्ता नको म्हणून गाडी सरळ आमच्या दारात. टांगा बघाय अजून कोण गेलं न्हवतं, म्हणून आव्वा मागं बसूनच. पिशवी ह्या डावाला मोठी.

आप्पा उतरलं, ते मेस्त्रीला म्हणालं, "बघा."

मेस्त्री वाकलं. एक डोळा मिटला. मी बघत हुतो, त्येंनी लई येळ लावला. तातोबाकडं बघायचं टाळत हुतं.

"काय हाय?" आप्पानं इचारलं.

"तेच. मातीचं फडकं."

"ऐकलंस, तातोबा?"

"आप्पा, मी रातचं गाडीला गोणपाट घालतो. सकाळी पाणी मारतो. पोरांची शपथ घेऊ?"

"पोरांस्नी मधी घेऊ नगंस. चावी दे."

तातोबानं बंडीच्या खिशात हात घातला. हात काय बाहीर येईना. "आप्पा, पोरांस्नी घेऊन मी कुटं जाऊ? बैलं बी ऱ्हायली न्हाईत, की परत गाडी हाकीन."

"त्ये पुसताना इचार करायचा हुतास. चावी."

 मी म्हटलं, "आप्पा, खड्ड्यातनं माती उडली असंल. रस्ता खराब..."

"तू गप्प बस रं. म्हशीचा केस चिकटवणारा तूच न्हवं? का ह्ये बी तुजंच?"

"मी बेळगावात, गाडी निपाणीत. एवढा लांब हात न्हाय माजा."

"गुंड्या!" मेस्त्री वराडलं.

तातोबानं चावी काढली. आप्पाच्या हातावर ठेवालालता, तेवढ्यात गाडीचं मागचं दार वाजलं.

आव्वा उतरली. पयलं एक पाय, मंग पिशवी, मंग दुसरा पाय. लुगडं सारकं केलं.

"चावी त्येलाच ऱ्हाऊ दे."

"आव्वा, तू टांग्यात बस. बसू, टांगा बघ रं. ह्यातलं तुला काय कळत न्हाय."

"मला न्हाय तर कुणाला कळणार? मीच घासतोय."

आप्पा बघतच ऱ्हायलं. "काय?"

"कोंबडा आरवायच्या आदी उठायचं. गोणपाट उचलायचं. पदरात चिमूटभर माती घ्यायची न् भाकरी थापल्यागत गोल गोल फिरवायचं. कावळ्यानं दावलं मला. कावळ्यानं टोकरलं न् गाडी बेळगावला आली."

"आव्वा! अगं, कशापायी?"

"गाडी चांगली असली की म्हणतोस, पेट्रोल न्हाय, कुपन न्हाय, शापूरचं नाव काढू नगंस. चरा दिसला की दुसऱ्या दिवशी बेळगाव."

 तातोबाची चावी तशीच अधांतरी. आप्पानं खिशातनं रुमाल काढला, मान पुसली, परत खिशात ठेवला.

"न् हा तातोबा? त्येच्यावर आळ आला त्ये?"

"मला आज कळालं. दरखेपंला मी टांग्यात असतो. आदी सांगितलं असतंस तर त्येच्यावर का आळ येऊ दिला असता मी?" म्हातारीनं तातोबाकडं बघितलं. "तातोबा, चुकलं रं माजं. चावी खिशात घाल."

तातोबानं घातली. मंग तितंच चाकाला टेकून बसला.

आप्पा हळू आवाजात म्हणालं, "आता तर कळालं न्हवं समद्यांस्नी? चल माघारी. घरात कुणी बघितलंय चऱ्यांकडं? तशीच चालवू."

 आव्वानं पिशवी उचलली न् मेस्त्रीच्या फुडं येऊन उभी ऱ्हायली. पिशवीतनं बाळंतविड्याचा वास येत हुता, शेपा न् डिंकाचा.

"मेस्त्री, लेकीचं दिस भरल्यात. पयलटकरीण हाय. माहेरी धाडत न्हाईत, न् घरात दुसरं बाईमाणूस न्हाय. म्हणून ह्या खेपंला जरा दाबून घासलंय. लई दिस लागतील न्हवं?"

मेस्त्री बॉनेटवर वाकलं. ह्या डावाला दोन्ही डोळं उगडं. मी बी बघत हुतो. म्हातारीच्या हातात जोर असून असून किती असणार! नुसतं वरवरचं. बसू न् मी लागलो असतो तर दिवस मावळायच्या आत निघालं असतं.

मेस्त्रीनं बोट फिरवलं, मान हलवली.

"आप्पा, गाडी ठेवून जावा. पार पत्र्यापत्तोर गेलंय."